आपाच्या वांग्यातलं दळण

ये गं मंजू, अशी लांब उभी राहून बोलू नकोस. माझ्या गुडघ्याशी बस, कागदावर का होईना. दोन महिन्यांनी फोन केलास, तोही कामापुरता. 'आजी, आम्ही शेतात मधाच्या पेट्या ठेवून राह्यलो, तुझ्या आशीर्वादानं.' एवढं बोललीस आणि ठेवून दिलास. आशीर्वाद असा उभ्या उभ्या मिळतो का? मी पेट्या ठेवल्या होत्या हे तुला तुझ्या आईनं सांगितलं असेल. पुढचं सांगितलं नसेल, कारण तिलाही ठाऊक नाही. ते हमिदाआपाला ठाऊक होतं आणि मला. आपा गेली. आता मी एकटीच उरले, म्हणून लिहिते.

माझं अक्षर तू जाणतेस. लिहायला शिकले ती साक्षरतेच्या वर्गात, केस पांढरे व्हायला लागल्यावर. तेव्हा काना-मात्रा चुकली तर चालवून घे, पण मधलं पान न वाचता उलटू नकोस.

हमिदाआपाचं शेत आमच्या शेताला लागून. मध्ये धुऱ्याचा एक बांध, बस्स. तिच्या नवऱ्याचं केनवडला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो गेल्यावर दुकान बंद झालं आणि आपानं एकराचा तुकडा धरला. वांगी, दोडके, कोहळं, कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी टोपलं घेऊन केनवडला जायची. उंच, हडकुळी बाई. पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि जिभेला कधी लगाम लागला नाही. गिऱ्हाइकीण वांगं दाबून पाहू लागली की म्हणायची, "दाब, दाब. तुह्या सुनेलेबी अशीच दाबून आनली का वं?"

पण तिची खरी ओळख सांगायची तर सकाळची सांगावी लागेल. पहाटेची नमाज झाली की ती वांग्याच्या वाफ्यात पालथी बादली ठेवायची आणि त्यावर बसायची. हातात काही नाही, खुरपं नाही, तसबीची माळ नाही. नुसती मान एका बाजूला कलती करून बसायची. मी नवी नवी सून असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईला चक्कर आली. धावत गेले. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"चूप. दळन सुरू हाय."

"कायचं दळन, आपा?"

"ऐक तं खरी."

एक काळा भुंगा आला. निळसर चमकणारे पंख, अंगठ्याएवढा. वांग्याच्या जांभळ्या फुलाला खालून लटकला. उडताना त्याचा आवाज जाड होता, घूंऽऽ असा. फुलाला लटकला आणि आवाज एकदम बारीक, चढा झाला, जसं जात्यात दाणे संपत आले की वरची पाळू हलकी फिरते. आणि खरंच, फुलातून पिवळं पीठ झडलं. भुंग्याच्या पोटावर पडलं.

"पाह्यलं?" आपा म्हणाली. "वांग्याचं फूल आपलं पीठ डब्यात झाकून ठेवते. बाकीच्याईले नाई देत. हा येते, धरते, आन् थरथरवते. मंग सांडते. हा नसन तं वांगं धरते, पन रडतखडत. बारकं, वाकडं."

आजूबाजूच्या बाया तिला थोडी येडी समजायच्या. मीही कधीमधी हसले असेन. पण तिची वांगी बाजारात आधी संपायची, आणि त्याचं हसू कुणाला येत नव्हतं.

त्या भुंग्यांचं घर धुऱ्यावर होतं. पांगाऱ्याचं एक झाड केव्हाच वाळून गेलेलं, नुसतं खोड उभं. त्याला करंगळी जाईल अशी गोल गोल भोकं, सुताराला जमणार नाहीत इतकी नेमकी. बुंध्याशी ताजा भुसा पडलेला असायचा. खोड धुऱ्याच्या तिच्या अंगाला होतं. जळणाला कितीदा मागितलं लोकांनी. ती द्यायची नाही. म्हणायची, "भाडेकरू हायेत आत. भाडं वांग्यात देतात."

आता माझं ऐक. आमच्याकडे कांद्याचं बी घ्यायची पद्धत तुला माहीत आहे. कांदा लावायचा, त्याला दांडे येऊ द्यायचे, दांड्यावर पांढरे गोंडे फुलू द्यायचे. गोंड्यावर माशी फिरली तर बी भरतं, नाही फिरली तर पोचट. त्या वर्षी आमचा दोन एकर कांदा बियाचा होता. मी बचत गटाची अध्यक्ष, तालुक्याला जाऊन मधमाशीचं प्रशिक्षण घेऊन आलेली, कागद मिळालेली, फोटो निघालेली. मान ताठ झाली होती गं माझी. पेटीवाल्याकडून दहा पेट्या भाड्यानं आणल्या, परदेशी वाणाच्या माशीच्या. निळ्या रंगाच्या पेट्या धुऱ्याच्या कडेनं ओळीनं मांडल्या. गावातल्या बाया पाहायला आल्या.

आपाही आली. पेट्यांपाशी उकिडवी बसून तिनं बराच वेळ पाहिलं.

"चांगल्या हायेत," ती म्हणाली. "कामाच्या दिसतात. पन शांते, दहा कायले आनल्या? दोन-तीन आनाच्या."

"आपा, कांदा दोन एकर हाय."

"कांदा हाय तोवर हाय. पंगत मोठी असली तं सारे जेवतात, कोनी कोनाच्या ताटात पाहत नाई. भांडन कवा होते सांगू? मांडव तोच, आन् वऱ्हाड दुप्पट आलं तवा. तुह्या पेटीतली एक माशी फूल पाहून गेली की घरी जाऊन सांगते, मंग हजार येतात. माह्या भुंग्याले घरी सांगाले कोन हाय? एकटा जीव."

मला राग आला. आमच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि ही बादलीवर बसणारी बाई मला शिकवून राहिली होती. मी म्हणाले, "फुलं काय कोनाच्या बापाची हायेत?"

"थेच म्हनते मी," आपा हसली. "कोनाच्याच नाईत. तुह्याबी नाई."

पंधरा-वीस दिवसांनी पेटीवाला पाहायला आला. चौकटी उचलून पाहिल्या. मध जेमतेम. त्यानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, "मावशी, इथं रानटी माश्या आणि भुंगे फार दिसतात. आपल्या पेटीचं खाद्य तेच खाऊन टाकतात. बंदोबस्त करा." तो बोलून मोटरसायकलवर बसून गेला. मी मात्र तिथंच उभी राहिले. माझ्या गोंड्यावर एक भुंगा बसला होता, काळा, लठ्ठ, निवांत. मला तो चोर दिसला. मंजू, सत्तावीस वर्षं मी तोच भुंगा पाहत होते, आणि त्या एका दिवसात तो चोर झाला.

होळी चार दिवसांवर होती. आपल्या गावची रीत तुला ठाऊक. होळीसाठी लाकूड कुणाचंही उचलावं, आणि ज्याचं गेलं त्यानं बोलू नये. होळीत गेलेलं लाकूड मागायचं नसतं. बैलबंडीचं जू गेलं तरी माणूस हसून गप्प बसतो. मी त्या रीतीच्या आड लपले.

होळीच्या दिवशीच बाजार आला आणि आपा टोपलं घेऊन केनवडला गेली. रोजे सुरू होते तरी गेली, कारण वांगी थांबत नाहीत. दुपारी मी घरून कुऱ्हाड आणली. पांगारा मऊ लाकडाचा, त्यातून वाळलेला, मला एकटीला भारी पडला नाही. पहिला घाव घातला तेव्हा आतून गुणगुण आली. दुसऱ्या घावाला वाढली. दोन-तीन भुंगे बाहेर येऊन माझ्याभोवती फिरले, पण डसले नाहीत. डसले असते तर बरं झालं असतं, वाटतं. खोड पडलं. भोकांत मी ओल्या मातीचे गोळे दाबले, आतले बाहेर येऊ नयेत म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बंडीत टाकून नेलं आणि देवळापुढच्या ढिगावर लोटून दिलं. कुणी विचारलं नाही. होळीच्या लाकडाला कोण विचारतं?

संध्याकाळी होळी पेटली. मी नैवेद्याचं ताट घेऊन, तांब्यानं पाण्याची धार धरून फेरा घालत होते. खोड वरच्या बाजूलाच होतं. आच लागली तशी माती वाळून तडकली आणि एका भोकातून एक बाहेर आला, अर्ध्या पंखांचा. चालत आला, उडत नाही. मग दुसरा. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अवं माय, भुंगे!" मी म्हणाले, "असन काई." आणि फेरा पुरा केला. तांब्यातलं पाणी पुरलं, मंजू. धार तुटली नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड. मी तोंडाला रंग फासून घेतला होता, कुणी लावायच्या आधी स्वतःच. शेतावर गेले तर आपा धुऱ्यावर बुंध्याजवळ उभी. उत्तर तयार होतं माझं: पोरांनी नेलं असन, पोरं कोनाले पुसतात? आपानं विचारलंच नाही. ती वाकली आणि बुंध्याच्या घावावरून बोट फिरवलं, हळूच, जसं लेकराच्या खरचटल्या गुडघ्यावरून फिरवतात. मग सरळ झाली.

"होळीचं लाकूड मागत नसतात," ती म्हणाली. आणि वर बोट दाखवलं. "पन थे पाह्य."

काल दुपारी जे भुंगे फुलांवर गेले होते ते परत आले होते. जिथं खोड होतं तिथं आता नुसती हवा. त्या हवेत, बरोबर भोकांच्या उंचीवर, ते थांबत होते. एक थांबायचा, इकडे तिकडे सरकायचा, परत त्याच जागी यायचा. दार शोधत होते. तीन दिवस शोधत होते ते. चौथ्या दिवशी आले नाहीत.

मी पुढं सांगते ते लवकर सांगते, नाहीतर राहून जाईल.

ईद आली. दरवर्षीसारखा आपाचा डबा आला. तोच पितळी डबा, झाकणाला पोचा असलेला. आत शिरखुर्मा. पोटात बदाम, वरून चारोळ्या. "शांते, तुह्या मालकाले गोड कमी देजो," असा निरोप. मी डबा चुलीजवळ ठेवला आणि पाहत बसले. एक चमचा तोंडात घेतला. गिळेना. परसात जाऊन थुंकला. ईदचा शिरखुर्मा थुंकणारी मी पहिलीच बाई असेन या तालुक्यात. डबा मात्र घासून, रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात गूळ घालून परत केला. रीत पाळायला मी पक्की होते.

तोवर आपाच्या वाफ्यात वांग्याला फुलं आली. भरपूर आली आणि गळून पडू लागली. जी वांगी धरली ती लिंबाएवढी, वाकडी. आपा बादलीवर बसायची, मान कलती. दळण ऐकू येत नव्हतं. काही दिवस बसली. मग उठली आणि एकेका फुलाला टिचकी मारू लागली. वाकायचं, फूल दोन बोटांत धरायचं, टिचकी. पुढचं फूल, टिचकी. त्या वयात, त्या उन्हात, सगळा वाफा. धुऱ्याच्या अलीकडून मी पाहत होते. जाऊन एक ओळ तरी करू लागले असते! तिच्यापुढं उभं राहायची हिंमत नव्हती.

एक दिवस तिनंच हाक मारली. "शांते, ये वं. तुह्ये पाहुने माह्या घरी जेवून राह्यले."

तिनं कोपऱ्यात कोथिंबीर बियाला सोडली होती. पांढऱ्या फुलांची नुसती चादर. त्यावर माझ्या पेट्यांतल्या माश्या, इतक्या की फूल दिसेना. कांद्याचे गोंडे तिकडे ओस. कांद्याचं फूल या माशीला फारसं रुचत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाजूला गोड कोथिंबीर असताना ती कांद्यावर कशाला थांबेल? कांद्यावर जे काही काम चालायचं ते बारीक रानमाश्यांचं, मातीच्या भिंतीत राहणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचं, त्या भुंग्यांचं. चोर कोण होता आणि कुणाच्या ताटात कोण जेवत होतं, ते सगळं त्या कोथिंबिरीवर मांडून ठेवलेलं.

"हाकलू का?" मी विचारलं.

"हाकलू कायले? उपाशी हायेत. त्याईले पेटीत कोंडून आनलं, त्याईचा काय गुन्हा?" मग ती शेजारच्या एका झुपक्याकडे वाकली. "पन हे पाह्य. दरसाली अथी बारक्या माश्या राहत. आता येतात, जागा नाई म्हनून जातात. पेटीतल्याईले माह्याईचा राग नाई वं. फक्त जागा संपली."

तिला टोमणा मारायचा असता तर किती सोपा होता. बाजारात गिऱ्हाइकिणीला सोडत नव्हती ती. मला सोडलं.

माझं कांद्याचं बी त्या साली पोचट निघालं. गावात मी सांगितलं, हवामानानं घात केला. पेट्या पेटीवाला घेऊन गेला. पुढच्या साली आपाला दम लागू लागला, आणि तिची लेक सायरा तिला रिसोडला घेऊन गेली. निघताना आपानं पालथी बादली आमच्या धुऱ्यावर ठेवून दिली. म्हणाली, "राहू दे. कोनी बसन."

वर्षभर मी रिसोडला तिला भेटायला गेले नाही. बाजारासाठी गेले, तिच्या गल्लीच्या तोंडावरून दोनदा जीपनं गेले, उतरले नाही. शेवटी सायराचाच फोन आला, मावशी, अम्मी आठवण काढते. मग गेले.

खाटेवर आपा इतकीशी झाली होती. पदर मात्र डोक्यावर. मी पायाशी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कुऱ्हाड, माती, होळी, सगळं. ती छताकडे पाहत ऐकत होती. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "मले मालूम हाय."

"कोनं सांगतलं?"

"तुह्या कुऱ्हाडीनं. तिच्या पात्याचा एक कोपरा तुटेल हाय, घावात कड राहते. मीच तं मागून नेत होती दरसाली. बुंध्यावर हात फिरवला, समजलं."

म्हणजे धुळवडीच्या दिवशीच. म्हणजे ईदचा डबा तिनं सगळं माहीत असून पाठवला होता.

"मंग मले पुसलं काहून नाई, आपा?"

"पुसलं असतं तं तू खोटं बोलली असती." तिला दम लागला, थांबली. "रोज्याच्या दिवसात कोनाले खोटं बोलाले कायले लावू?"

मला वाटलं, आता यापुढं लाज वाटायची काही उरली नाही. पण उरली होती. कारण मग तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "भुंगे वापस आले का वं?"

नव्हते आले. वांग्याचा वाफा मी चालवत होते, तिच्या नावानं, आणि त्यात एक भुंगा दिसला नव्हता. पण ती कशी पाहत होती, मंजू! मी म्हणाले, "आले, आपा. दोन आले."

तिचे डोळे उजळले. "दळतात का? आवाज काढून दाखव."

मी आवाज काढला. घूंऽऽ.

आपा हसली, तिची ती बाजारातली हसण्याची तऱ्हा. "हा तं उडाचा आवाज हाय, येडे. दळाचा नाई." आणि हात सोडला नाही. थोपटत राहिली. महिन्याभरात गेली.

आता तुझ्या पेट्यांचं. ठेवू नकोस असं मी म्हणत नाही. त्या माशीचा गुन्हा नाही, हे आपाच सांगून गेली. पण किती ठेवणार, फुलोरा सरल्यावर त्या काय खाणार, आणि तुझ्या धुऱ्यावर, भिंतीत, वाळक्या खोडांत आधीपासून कोण राहतं, हे तू पाहिलंस का? तुला सांगायचा हक्क मला किती आहे ते आता तुला कळलंच.

बुंध्याशेजारी मी पांगाऱ्याचं दुसरं वाळकं खोड आणून गाडलंय. तीन वर्षं रिकामं होतं. या महिन्यात त्याच्या पायथ्याशी भुसा दिसला, ताजा, पिवळा. वर एक भोक, करंगळीएवढं. मी रोज पहाटे बादलीवर बसते. परवा वांग्याच्या फुलापाशी काळं काहीतरी आलं आणि गुणगुणलं. पण माझे कान आता थकले, बाई. उडण्याचं होतं का दळण्याचं, मला नक्की सांगता येईना. आणि माझ्या सांगण्याला काय किंमत? याच गोष्टीत मी एकदा मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलंय.

तुझे कान तरणे आहेत. आठवडा मोडायच्या आत ये, आणि मुक्कामी ये, सकाळच्या गाडीनं येशील तर दळण संपलेलं असेल. माझ्याजवळ बस, ऐक, आणि जे असेल ते खरं सांग.